९ ऑगस्टच्या नाचापुरतीच का? माध्यमिक शाळेत आदिवासी मुलांची संस्कृती कशी शिकवावी

प्रश्न: माध्यमिक शिक्षिका, जव्हार तालुका (जि. पालघर)

नमस्कार.

मी जव्हार तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. माझे माहेर साताऱ्याकडचे. इकडे येऊन सहा वर्षे झाली. आठवी ते दहावीच्या वर्गांत बहुतेक मुले वारली, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकर समाजांतील आहेत. प्रत्येक वर्गात दोन-तीन कातकरी मुले असतात आणि काही मुले बाजारपेठेतल्या व नोकरदारांच्या घरची असतात.

गेल्या ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी मोठ्या हौसेने वेशभूषेच्या दुकानातून भाड्याने पोशाख आणले: पानांचे झगे, पिसांचे मुकुट, चेहऱ्याला लावायचा पांढरा रंग. नववीतील एक मुलगी एरवी वर्गात फारशी बोलत नाही. ती तो मुकुट हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात असं कुणी घालत नाही." कार्यक्रमाला अर्धा तास राहिला होता. "आजच्यापुरतं घाल गं," असे सांगून मी तिची समजूत काढली आणि तिने तो घातला. नाच झाला, पाहुण्यांनी कौतुक केले, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. बाजारपेठेतल्या दोन मुलांनी तिला "जंगली" म्हणून हाक मारली होती आणि ते नाव तिला चिकटले होते, हे मला नंतर कळले. ते नाव त्या मुलांच्या तोंडी मी आणलेल्या पोशाखाने घातले, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. आमच्याकडे येणारी मुले चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली असतात आणि तिथले अनुभवी गुरुजी निम्मे बोलणे मुलांच्या बोलीतच करतात. आमच्या शाळेत आल्यावर मात्र पुस्तक, फळा आणि शिक्षक सगळेच प्रमाण मराठीत बोलू लागतात. पहिले दोन महिने मुले मान खाली घालून बसतात आणि आम्ही शिक्षकखोलीत "या मुलांचा पायाच कच्चा आहे" असे म्हणून मोकळे होतो. मी स्वतः त्यांच्या निबंधांतील बोलीची वाक्ये लाल शाईने खोडत आले आहे.

माझे विचारणे असे की, मुलांच्या घरची संस्कृती शाळेत खरोखर शिकवायची असेल, तर ती कोणी शिकवावी, त्यातले काय वर्गात आणावे आणि काय आणू नये, आणि दहावीच्या अभ्यासक्रमाच्या धावपळीत त्याला वेळ कुठून काढावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, किंवा अशा शाळेत जे स्वतः शिकले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. चुका दाखवल्या तरी मला चालेल.

उत्तर १: विज्ञान शिक्षक, शहापूर तालुका (जि. ठाणे)

ताई, आपण जे घडले ते लपवून न ठेवता लिहिलेत, त्यामुळे मीही माझ्याच वर्गातून सुरुवात करतो.

आमच्या बाजारात मे महिन्याच्या अखेरीस, पहिले वळीव पडून गेले की, ठाकर आणि कातकरी बायका शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. प्रत्येक जुडीबरोबर त्या मूठभर काकडे देतात. ही हिरवी, आंबट, बोराएवढी फळे भाजीवर वरकड म्हणून घातलेली असावीत, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. एका जूनमध्ये नववीला आम्ल आणि आम्लारी शिकवत असताना मी सहज विचारले की, ही काकडे कशासाठी देतात? तीन वर्षांत ज्याने कधी हात वर केला नव्हता तो मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नुसतं शेवळ खाल्लं तर घसा खाजतो. काकडं घातली की खाज मरते."

तो तास मी तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने घरून एक कच्चे शेवळ आणले. त्याच्या रसाचा थेंब आम्ही काचपट्टीवर घेतला आणि शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाने पाहिला. बारीक सुयांचे झुबके दिसतात. ते कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असून तेच घशाला टोचतात. आंबट रसात शिजवले की त्यांचा त्रास कमी होतो. आपण अळूच्या भाजीत चिंच किंवा आंबट चुका घालतो, त्याचे कारणही हेच. हे मी सांगितल्यावर गावातल्या मुलांनाही तो धडा आपल्या स्वयंपाकघरातला वाटू लागला. त्या मुलाने पुढे कडू कंदाची गोष्ट सांगितली: कंदाच्या चकत्या करून त्या टोपलीत घालतात, टोपली वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवतात, मगच त्या शिजवून खातात. हे त्याला त्याच्या आजीने शिकवले होते आणि ते सांगताना त्याला एकाही शब्दासाठी अडखळावे लागले नाही.

तेव्हापासून आमच्या शाळेत रानभाज्यांची एक नोंदवही आहे. मुले घरी विचारून नाव, ऋतू, कोणता भाग खातात, कसा शिजवतात आणि काय टाळतात, हे लिहून आणतात. ठाकरी, कातकरी आणि गावातल्या मराठीतले नाव शेजारी-शेजारी लिहायचे, आणि कोणतेच नाव "खरे" म्हणून अधोरेखित करायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही ठेवला आहे.

वेळेचे म्हणाल, तर नववी-दहावीला स्वविकास व कलारसास्वाद आणि जलसुरक्षा हे श्रेणीचे विषय आहेत. अनेक शाळांत त्यांचे तास गणित-इंग्रजीच्या उजळणीला दिले जातात. ते तास परत मिळवा; आठवड्याला एक तास निघतोच. आणि ज्ञान कोणाकडे असते हे मुलांना सांगायचे असेल, तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण द्या. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी शेतकरी बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उत्तर २: माजी विद्यार्थी, डहाणू तालुका, सध्या बँकेत नोकरी

ताई, जोहार. मी वारली आहे. सातवीत असताना मीही असाच पानांचा झगा घालून नाचलो आहे, त्यामुळे त्या मुलीचे चार दिवस कसे गेले असतील, हे मला कोणी सांगायला नको. आपण विचारलेत म्हणून लिहितो. आम्हाला असे विचारणारे शिक्षक फार थोडे भेटले.

सर्वांत आधी हे की, आमच्यातले सगळेच लोकांपुढे मांडण्यासाठी नसते. लग्नघरी सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. आम्ही "काढतात" म्हणत नाही, "लिहितात" म्हणतो. त्या चौकात पालघाट देवी असते, धवलेरी लग्नाची गाणी गाते आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ती देवी एरवी कोणी कुठेही रंगवत नाही. मी एका शाळेच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर सजावट म्हणून पालघाट रंगवलेली पाहिली आहे. रंगवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे, पण माझ्या आईने ते पाहिले तेव्हा ती तिथून न बोलता निघून आली.

याचा अर्थ चित्रकलेच्या तासाला वारली चित्रे काढूच नयेत, असा नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून कागदावर आणि कापडावर शेती, मासेमारी, रान, तारप्याचा नाच अशी चित्रे काढली, त्यांतून ही कला जगभर गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती वाट सर्वांना मोकळी आहे. चौक आणि पालघाट मात्र लग्नाच्या भिंतीवरच राहू द्यावीत, आणि शंका आली तर पाड्यावरच्या बायकांना विचारावे.

तारप्याचेही असेच आहे. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून तारपा करतात. तारपकरी मधे चालतो आणि एकमेकांच्या कमरेत हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र पाहुणे समोर बसलेले असतात म्हणून मुलांना रंगमंचावर एका ओळीत, पाहुण्यांकडे तोंड करून उभे करतात, आणि तारपा मागे कुठेतरी ध्वनिफितीवर वाजत असतो. असा नाच आम्हाला आमचा वाटत नाही. तारपा शिकवायचा असेल तर मैदानात, मुलांच्या मधोमध तारपकऱ्याला उभे करा, आणि पाहुण्यांना हवे असेल तर त्यांनीही साखळीत यावे.

शहापूरच्या सरांचे शेवळाचे उदाहरण वाचून मला आनंद झाला, तरी एक वेगळे मत नम्रपणे मांडतो. आमची प्रत्येक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली उत्तीर्ण झाली तरच शिकवण्यालायक, असे मुलांना वाटू नये. कणसरीला, म्हणजे आमच्या धान्यदेवीला, नवे धान्य दाखवल्याशिवाय आमच्या घरी ते खात नाहीत. त्यामागे पोषणशास्त्र किंवा कीडनियंत्रण शोधत बसू नका. धान्याला आई मानणाऱ्या लोकांची ही रीत आहे, एवढे सांगितले तरी तो पूर्ण धडा आहे.

आता "जंगली" म्हणणाऱ्या मुलांविषयी. सांस्कृतिक शिक्षणाची खरी गरज त्यांनाच अधिक आहे. ताई, आपण इतिहास शिकवता. आपल्याच जिल्ह्यातल्या तलासरी, डहाणू, जव्हार भागांत वेठबिगार होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत आणि त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने लोकांनी वेठ नाकारली, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. माझे पणजोबा लग्नगडी होते. हे मला शाळेत कोणी सांगितले नाही, आजोबांनी सांगितले, आणि तेही मी पदवीधर झाल्यावर. बाजारपेठेतली मुले आणि पाड्यावरची मुले हा धडा एकाच बाकावर बसून शिकली, तर त्या हाकेचे काय होते ते आपण पाहाल.

उत्तर ३: शिक्षक, आश्रमशाळा, भामरागड तालुका (जि. गडचिरोली)

वरील दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे. भाषेच्या प्रश्नाबद्दल मात्र काही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण "आदिवासी बोली" असा एकच शब्द वापरून आपण फार वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो.

वारली, कातकरी, कोकणा या बोली मराठीच्याच कुळातल्या आहेत. ऐकणाऱ्याला थोडे कळते, थोडे निसटते. आमच्याकडची माडिया आणि गोंडी, तसेच यवतमाळकडची कोलामी या द्राविडी कुळातल्या आहेत. मेळघाटातली कोरकू तर मुंडा गटातली, म्हणजे संथाळीच्या नात्यातली. राज्यात अनुसूचित जमातींची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ५ लाख आहे, पण त्यांच्या मुलांना शाळेत भेटणारी अडचण एकसारखी नाही. जव्हारच्या मुलाचे वाक्य मराठीच्या शिक्षकाला "चुकलेले मराठी" वाटते, तर भामरागडच्या मुलाचे वाक्य त्याला मुळीच कळत नाही. माझ्या अनुभवात पहिली अवस्था मुलासाठी अधिक जाचक असते, कारण तिथे त्याची भाषा ही भाषा म्हणून मोजलीच जात नाही.

मी आठवीच्या पहिल्या आठवड्यात एक साधी गोष्ट करतो. फळ्यावर मराठीत एक, दोन, तीन, चार लिहितो. मुले शेजारी उंदी, रंड, मूंद, नालुंग लिहितात. मग सिरोंचाकडून आलेला एखादा तेलुगू बोलणारा विद्यार्थी ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु लिहितो. दोन, तीन आणि चारला आल्यावर वर्गात कुजबुज सुरू होते, कारण आपली भाषा एका मोठ्या कुटुंबातली आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसते. त्यानंतर मराठी शिकणे म्हणजे आपले काही टाकून देणे नव्हे, एवढे तरी त्यांना पटते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याचे सांगितले आहे. माध्यमिक टप्प्यासाठी तसे काही नाही, आणि त्यामुळे बोलीतील पूरक साहित्य जे थोडेफार तयार होते, तेही खालच्या वर्गांपुरते राहते. आपण शिक्षकांनी लाल शाईपुरता तरी बदल करावा. मी वहीत दोन शेरे लिहितो: "घरच्या बोलीत हे असे म्हणतात" आणि त्याखाली "परीक्षेच्या मराठीत असे लिहावे". खोडत काहीच नाही. परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून प्रमाण मराठी शिकवणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्यात कुचराई करणे म्हणजे त्या मुलाचे नुकसान करणे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा विचार आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत झालेला आहे. तो बालवाडीपुरता ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

उत्तर ४: निवृत्त मुख्याध्यापक, कळवण तालुका (जि. नाशिक)

थोडक्यात लिहितो. शाळेचे वेळापत्रक करण्यापूर्वी गावचे वेळापत्रक पाहावे. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. कोकणा घरांतील पुरुष आणि मोठी मुले पौर्णिमेपर्यंत कित्येक दिवस माउली म्हणून गावोगाव फिरतात. पूर्वी आम्ही त्याच आठवड्यात घटक चाचणी ठेवायचो आणि नंतर गैरहजेरीची यादी करून पालकांना बोलावणी धाडायचो. एका वर्षी चाचणी दहा दिवस पुढे ढकलली, आणि उत्सवानंतर मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेतले. गैरहजेरीचा प्रश्न तिथेच संपला. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून रात्री नाचण्याचा उत्सव, असतो. त्याच्या रात्री आणि परीक्षेच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

उत्तर ५: कार्यालयीन लिपिक, माध्यमिक विद्यालय, कर्जत तालुका (जि. रायगड)

मी शिक्षक नाही, दाखले आणि शिष्यवृत्तीचे काम पाहते. तरीही लिहिते, कारण प्रत्येक वर्गात दोन-तीन कातकरी मुले असल्याचे ताईंनी लिहिले आहे आणि पुढच्या उत्तरांत ती मुले थोडी मागे राहिली.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. आमच्याकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नववीतले मूल आई-वडिलांबरोबर गेले, तर संस्कृतीचा तास कितीही चांगला असला तरी तो त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्येच वाडीवर जाऊन कोण कुठल्या भट्टीवर जाणार आहे ते विचारावे, मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहू शकते का ते पाहावे, आणि जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून त्याच्या हाती द्यावे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते.

दुसरे काम जातीच्या दाखल्याचे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्यांनी कागद आणायचा कुठून? अशा वेळी गृहचौकशीच्या आधारे दाखला मिळवण्याची वाट आहे, पण ती लांबची आहे. ते काम आठवीतच सुरू करावे. बारावीनंतर वैधता प्रमाणपत्रासाठी धावणारी मुले मी दरवर्षी पाहते.

याच कामात मला एक गोष्ट फार लागते. पडताळणी करताना आप्तभाव चाचणी म्हणून कुटुंबाला देव कोणते, सण कोणते, लग्नाच्या रीती कोणत्या, असे प्रश्न विचारतात. ती चाचणी अंतिम कसोटी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, तरी प्रश्न विचारले जातातच. म्हणजे ज्या बोलीबद्दल आणि देवांबद्दल मुलाला दहा वर्षे शाळेत गप्प राहावे लागले, त्यांचीच माहिती त्याने पुढे एका टेबलासमोर बसून घडाघडा सांगावी, अशी अपेक्षा असते. शाळेने ती माहिती आदराने बोलायची सवय मुलाला लावली, तर तेवढी तरी धडकी कमी होईल.

पुन्हा प्रश्नकर्ती: माध्यमिक शिक्षिका, जव्हार तालुका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तरे वाचून मी काय केले ते कळवणे मला आवश्यक वाटते.

गेल्या रविवारी मी त्या मुलीच्या पाड्यावर गेले. रस्त्यापासून पाऊण तास चालावे लागते आणि ती रोज दोन वेळा हे अंतर चालते, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हते. घरी तिची आई आणि आजी होत्या. मी आईची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, तिने आत जाऊन नागलीची भाकर आणि उडदाची आमटी आणली. आजीने मात्र विचारले, "ती पिसं कुठल्या पाखराची होती?" मी म्हटले, कोंबडीची असावीत, रंगवलेली. आजी पुष्कळ वेळ हसली आणि मग तिची नातही हसली. त्या दिवसानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

आजींना मी शाळेत येण्याची विनंती केली. त्यांच्याकडे वरईचे आणि नागलीचे जुने बियाणे आहे. राब कसा भाजायचा, कोणत्या उतारावर कोणते बी टाकायचे, कोणते बी पाऊस लांबला तरी तग धरते, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. माझ्यासोबत आमचे भूगोलाचे सर होते. त्यांनी तिथल्या तिथे वहीत दोन पाने भरली. आजी "येईन" म्हणाल्या, पण भात झोडून झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर. एक अटही त्यांनी घातली: त्या खुर्चीवर बसणार नाहीत आणि मुलांनीही बाकांवर बसायचे नाही; सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचे. त्यांची बोली बाजारपेठेतल्या मुलांना आणि मलाही पूर्ण कळणार नाही, म्हणून त्यांचे बोलणे मराठीत सांगण्याचे काम नात करणार आहे. तिने ते स्वतःहून मागून घेतले.

डहाणूच्या दादांच्या सूचनेप्रमाणे १९४५ चा धडा मी दोन्ही तुकड्यांना एकत्र घेणार आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाने घरच्या सर्वांत वयस्क माणसाला वेठीविषयी विचारून यायचे आहे. बाजारपेठेतल्या घरांतून काय उत्तरे येतील याची मला थोडी धास्ती आहे, पण तीही वर्गात वाचली जातील. जुन्या वह्या परत मागवून माझी लाल शाई पुसता येणार नाही. पुढच्या वहीपासून भामरागडच्या सरांप्रमाणे दोन शेरे लिहायला सुरुवात केली आहे.

एक व्यावहारिक शंका शिल्लक आहे. आजींना त्या दिवसाची मजुरी बुडणार, त्यामुळे त्यांना मानधन द्यायलाच हवे, असे मला वाटते. बाहेरच्या व्याख्यात्यांना आम्ही देतो, मग त्यांना का नाही? मुख्याध्यापकांची तयारी आहे, पण "व्याख्याता" या रकान्यात शैक्षणिक पात्रता लिहावी लागते. कर्जतच्या ताईंना किंवा इतर कोणाला तो रकाना कसा भरतात हे माहीत असेल, तर कृपया सुट्टी लागण्यापूर्वी कळवावे.